न कळण्याची नोकरी

सोलापुरात कुणी विचारलं, "ताई, तुमी तितं काय काम करता?" तर मी आधी "प्रशिक्षण केंद्रात मदतनीस" असं सांगून बघते. समोरचा मान डोलावतो. त्याला वाटतं, ही झाडलोट करत असणार. झाडलोट मी करतेच. पण माझं मुख्य काम वेगळं होतं, आणि ते सांगितलं की लोक हसतात. समोर चाललेलं कळेनासं झालं की मी लाल पुठ्ठा वर करायचा. त्यासाठी मला तिसऱ्या बाकावर जागा होती, वर पंखा होता. न कळण्याची नोकरी मिळालेली मी एकटीच असेन.

मी मूळची भंडाऱ्याकडची, धानाच्या मुलखातली. सातवीपर्यंत शिकले. पुढची शाळा वैनगंगेपलीकडे होती, आणि पावसाळ्यात डोंग्यातून मुलीला पाठवायला घरचे तयार नव्हते. लग्न झालं. आमचे हे रस्त्याच्या कामावर मशीन चालवायचे. रस्ता जसजसा सरकला तसतसे आम्ही सरकलो आणि सोलापूरला रस्ता संपला, म्हणून इथे राहिलो. शहराबाहेरच्या मोठ्या आवारात मला काम लागलं. आवाराचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथे अजून नोकरी करायची आहे. बोलताना माझ्या तोंडी "जी" येतो. त्यावरून सुरुवातीला सगळे हसायचे. वॉचमन सिद्धप्पा मामा म्हणायचे, "ताई, तुमच्या जी-जीनं मला सायेब झाल्यागत वाटतंय की."

बाहेरच्या माणसाला आमचं केंद्र काय करतं ते सांगायला हवं. पहिल्या वर्षाच्या मुलांचे सगळे तास काही मोठे प्राध्यापक घेत नाहीत. प्रयोगशाळेतली प्रात्यक्षिकं, छोट्या गटाला गणितं सोडवून दाखवणं, अशी कामं संशोधन करणारी पोरं-पोरी करतात. त्यांना अध्यापन सहायक म्हणतात. कालपर्यंत बाकावर बसलेलं पोरगं आज फळ्यापुढे उभं. विषय त्यांना येतो, पण शिकवायचं कसं हे कुणी सांगितलेलं नसतं. रोज स्वयंपाक करणारी बाई सुनेला शिकवायला लागली की "मीठ अंदाजानं घाल" म्हणते ना, तसंच यांचं होतं. त्यांना स्वतःला अंदाज असतो. तो दुसऱ्याला कसा द्यायचा, तिथे घोडं अडतं.

म्हणून हे केंद्र. एक हॉल, फळा, पडदा, कॅमेरा, कॉलरला लावायचे माईक. एक कपाट माझ्या ताब्यात. त्यात खडू, लॅपटॉपला लागणाऱ्या नाना तऱ्हेच्या वायरी, सेफ्टी पिना, आणि घसा बसणाऱ्यांसाठी खडीसाखर. कुणाला पहिल्या तासाआधी रिकामा वर्ग बघून घ्यायचा असतो, मी किल्ली घेऊन बरोबर जाते. कुणाला आपलं शूटिंग एकट्यानं बघायचं असतं, मी लावून देते आणि दार ओढून घेते. आतून कधी हसण्याचा आवाज येतो, कधी काहीच येत नाही. काहीच आलं नाही की मी दारासमोर येरझाऱ्या घालते. मला मुळातच एका जागी बसवत नाही. माईकचे सेल घालून झाले तरी पुन्हा काढून बघते. करारावरचं काम. एखाद्या वेळी माईक बंद पडला आणि तेवढ्यावरून कुणी म्हणालं, हिला बदला, तर? ही धाकधूक अजून गेलेली नाही.

सहायकांचे सराव पाठ होतात, दहा-बारा मिनिटांचे. पूर्वी समोर विद्यार्थी म्हणून बाकीचे सहायकच बसायचे. एकमेकांचे मित्र ते. एक शिकवायचा, सगळे मान डोलवायचे, टाळ्या, चहा. केंद्राच्या प्रमुख माने मॅडमना ते बघवेना. एकदा त्यांनी मला बोलावलं आणि वहीच्या पुठ्ठ्याला लाल कागद चिकटवून माझ्या हातात दिला.

"ताई, कॅमेरा सुरू करून तिसऱ्या बाकावर बसा. धागा सुटला की हा वर करा. का सुटला ते सांगायचं नाही. ते शोधणं त्यांचं काम."

पहिल्या दिवशी मी पुठ्ठा एकदाही वर केला नाही. मॅडम नंतर म्हणाल्या, "वा! इतकं सगळं कळलं?"

"नाही जी. काहीच नाही कळलं."

"मग?"

"लाज वाटली जी."

मॅडम म्हणाल्या, "यांच्यापुढे जी पोरं बसणार आहेत ना, त्यांनाही हीच लाज वाटते. ती लाज तुम्ही मोडून दाखवायची. हे काम दुसऱ्या कुणाला जमणार नाही, त्यांना सगळ्यांना कळल्यासारखं दाखवायची सवय झालीय."

त्या वाक्यानं मी उभी राहिले, हे आज कबूल करायला हवं. कॅमेरा धरायला मॅडमनीच शिकवलं, संगणक सुरू करायलाही. पण "तुम्हाला कळत नाही, याचाही उपयोग आहे" असं मला जन्मात कुणी सांगितलं नव्हतं.

मग पुठ्ठा वर जायला लागला, आणि एकेक नमुने दिसायला लागले. एक सर पूर्ण पाठ फळ्यालाच शिकवायचे. पुठ्ठा वर केला तरी त्यांना दिसायचा कसा? शेवटी मी खोकायला लागले. एकजण तर भडकलेच. "यांचं शिक्षण सातवी, यांना आमचं काय कळणार?" मॅडम शांतपणे म्हणाल्या, "बरोबर आहे. आणि पहिल्या वर्षाच्या पोरांना सगळं कळत असतं, म्हणून तर ती आपल्याकडे येतात." ते सर पुन्हा आलेच नाहीत. समीर नावाचा एक गोड पोरगा होता, शहरातल्या मुस्लिम मोहल्ल्यातला. कपाटाशी येऊन पोटातलं बोलायचा. "आपा, मेरे को सब आताय. पन सामने खडा रह्या की सब गुम." त्याला मी खडीसाखर द्यायचे. घसा बसलेला नसायचा, तरी.

सगळ्यात लक्षात राहिला तो मंद्रूपकडचा एक रसायनशास्त्राचा मुलगा. व्हरांड्यात बोलायला लागला की आजूबाजूला माणसं जमायची, आणि फळ्यापुढे गेला की दगड. "सदर प्रक्रियेमध्ये उत्प्रेरकाचा सहभाग..." पुठ्ठा वर. पुन्हा तेच वाक्य, जरा मोठ्यानं. पुन्हा पुठ्ठा. तिसऱ्यांदा त्यानं खडू टाकला आणि म्हणाला, "ताई, तुमच्याकडं म्हस हाय का?"

"होती जी, माहेरी."

"धार काढताना रेडकू म्होरं उभं करता का न्हाय? त्येला बघितलं की म्हस पान्हा सोडती. रेडकाचं काय कमी झालं? काय न्हाय. पण त्ये नसतं तर तांब्या रिकामाच. त्येच की ओ उत्प्रेरक!"

पुठ्ठा मांडीवर ठेवून मी टाळ्याच वाजवल्या. मॅडम म्हणाल्या, "आता हेच, फक्त ताईंना नाही तर सगळ्या वर्गाला सांग."

अशी वर्षं गेली. मला वाटायचं, काम उत्तम चाललंय. पुढे अंबिकाचं प्रकरण झालं आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली.

अंबिका संख्याशास्त्रात संशोधन करत होती. सोलापूरच्या विणकर घरातली, घरी तेलुगू बोलायचे. वडील, म्हणजे तिचे नाना, टॉवेलच्या यंत्रमागावर. मला ती "अक्का" म्हणायची. मान खाली घालून चालणारी, पण पाठाची तयारी अशी करायची की कुठे खोट सापडायची नाही. तिनं सराव पाठाला "प्रमाण विचलन" हा धडा घेतला. संख्याशास्त्रवाले बहुतेक हाच धडा घेतात. सरासरी काढली तरी पुरत नाही, आकडे सरासरीच्या किती इकडेतिकडे पसरलेत ते बघावं लागतं, असा तो मुद्दा. तिनं शिकवलं, मी ऐकलं, पुठ्ठा एकदाही वर गेला नाही. कॅमेऱ्यात तो पाठ अजून आहे. मी अगदी समाधानानं बसलेली दिसते.

पुढच्या आठवड्यात तिचा खऱ्या वर्गावर पहिला तास झाला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती केंद्रात आली ती थेट कपाटाआडच्या स्टुलावर बसली. अख्ख्या तासाचा भाग तिनं पहिल्या काही मिनिटांत संपवला होता. मुलं गप्प. तिला वाटलं, कळतंय. मग गणित घातलं तर एकालाही पहिली पायरी येईना. तिनं तेच पुन्हा सांगितलं, त्याच शब्दांत. मागून कुणीतरी शिट्टी मारली. विभागप्रमुख व्हरांड्यातून जात होते, त्यांनी ती ऐकली.

"सर म्हणाले, सोमवारचा तास ते मागं बसून बघणार," अंबिका म्हणाली. "असंच झालं तर बॅच दुसऱ्याला देणार. शिकवता आलं नाही तर संशोधनाची जागा पण राहत नाही, अक्का. घरी नानांनी तर भिवंडीच्या काकांना फोन पण केला. तिथं हिशेबाला बसायचं म्हणे. आधीच म्हणत होते, पोरीची जात, किती शिकणार."

"नाना मारून मुटकून पाठवतील का?"

"मारणार कशाला? प्रेमानं पाठवतील. त्याचंच भ्या वाटतंय." मग डोळे पुसून तिनं मलाच विचारलं, "तुम्ही तर पुठ्ठा वर केला नव्हता. तुम्हाला कळलं होतं ना?"

"कळलं होतं ग."

"मग त्यांना का नाही कळलं?"

ती गेल्यावर मी तिचा पाठ लावून बघितला. मग पुन्हा लावला. ती म्हणत होती, "पसरण जास्त असेल तर सरासरीवर विसंबता येत नाही," आणि तिथे मी मान डोलावली होती. का डोलावली? त्या क्षणी माझ्या डोक्यात काय होतं ते आठवलं. दोन एसट्या होत्या. वैरागच्या एका मुलानं याच धड्यात मागे सांगितलं होतं की एक गाडी रोज सारखीच थोडी उशिरा येते, दुसरी कधी वेळेआधी निघून जाते आणि कधी तासभर पत्ता नसतो. उशिराची सरासरी दोन्हींची सारखीच. पण माणूस भरवसा कुठल्या गाडीवर ठेवेल? ते उदाहरण अंबिकानं दिलंच नव्हतं. तिच्या पाठात एसटी नव्हती, म्हैस नव्हती, पुस्तकातल्या मुलांच्या उंचीच्या यादीशिवाय काहीच नव्हतं. जिथे खड्डा होता तिथे मी माझ्याकडची जुनी माती टाकली होती आणि वरून चालत गेले होते.

थोडक्यात, मला कळायला लागलं होतं. इतकी वर्षं तेच ते धडे ऐकून उत्प्रेरक, विचलन, पेशी, सगळं ओळखीचं झालं होतं. सातवी शिकलेल्या बाईला याचा आनंद व्हायला हवा होता. मला घाम फुटला. कारण माझ्या कराराच्या कागदावर मॅडमनी दर वेळी लिहिलं होतं की केंद्राच्या सराव पाठांसाठी या बाईची गरज आहे. आणि न कळण्यासाठी ठेवलेल्या बाईला कळायला लागलं, तर तिचं करायचं काय?

घरी आमच्या ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "गप बस. तुला कळतं हे कुणाला कळणार आहे?" हा चांगला सल्ला होता. पण भाकरी थापताना माझे हात थांबेनात आणि मन एका जागी बसेना. सोमवार डोळ्यांपुढे होता. अंबिका पुन्हा सराव करणार, मी पुन्हा तिच्यासमोर मान डोलावत बसणार, आणि ती पुन्हा तेच घेऊन वर्गात जाणार.

सकाळी मॅडम आल्या-आल्या मी त्यांच्या टेबलापुढे उभी राहिले. "मॅडम, मला आता कळतं जी."

"काय कळतं?"

"सगळंच जी. म्हणजे धडे. अंबिकाचा पाठ कच्चा होता, पण मला आधीच माहीत असल्यानं पुठ्ठा वर गेला नाही. आणखी कुणाकुणाचं असं झालं असेल, देव जाणे."

मॅडमनी चष्मा काढला. हसावं की काय करावं, असं त्यांना झालं असावं. "म्हणजे माझा न कळणारा माणूस शिकून बसला! हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, ताई. दोष असेल तर माझा. मी तुम्हाला पुठ्ठा दिला तशी तुम्हाला जागा बदलून द्यायला हवी होती."

"मग माझं काय जी?"

"बघू," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, मला ठाऊक आहे. पण करारावरच्या माणसाला "बघू" हा शब्द विंचवासारखा असतो. हे लिहितेय तोवरही नव्या कराराचं पत्र आलेलं नाही. मॅडम म्हणतात, येईल. येईलही.

आता बाकावर बसवायचं कुणाला? माळीकाका सुट्टीवर होते. कँटीनवाल्या मावशींनी हात जोडले. फाटकावर सिद्धप्पा मामा होते. अक्कलकोटकडचे, घरी कानडी, शाळेत चौथीपर्यंत. त्यांनी पाठ कधी ऐकला नव्हता. मी त्यांना हॉलमध्ये आणून तिसऱ्या बाकावर बसवलं, पुठ्ठा हातात दिला आणि नियम सांगितला.

"एवढंच? त्ये तर मला जन्मापास्नं येतंय," मामा म्हणाले.

अंबिका फळ्यापुढे आली. "नमस्कार," म्हणाली. पुठ्ठा वर.

मी कॅमेऱ्यामागून म्हटलं, "मामा, नमस्कारालाच काय?"

"खाली बघून क्येला की ओ. मला क्येला का फरशीला, कळंना."

अंबिकाला हसू आलं. मी तिला हसताना पहिल्यांदाच बघत होते. तिनं वर बघून पुन्हा नमस्कार केला. पण पुढे मामांनी तिला सोडलं नाही. दोन वाक्यं झाली की पुठ्ठा. तिनं तेच वाक्य पुन्हा म्हटलं, पुठ्ठा खाली येईना. तिचा चेहरा लाल झाला. मला बोलायचं होतं, एसटीचं उदाहरण जिभेवर होतं, आणि मॅडमनी माझ्याकडे असं बघितलं की मी ओठ मिटून घेतले. उसनं उदाहरण तिला सोमवारी पुरलं नसतं, हे मला आता पटतं. तेव्हा मात्र जीव नुसता कासावीस झाला होता.

"मामा, सरासरी म्हणजे काय ते तरी कळलं ना?" अंबिका काकुळतीनं म्हणाली.

"व्हय. समद्यांचं मिळून मधलं."

"मग सरासरी बरोबर असली की झालं, असं वाटतं ना तुम्हाला?"

"झालंच की. आनि काय पायजे?"

अंबिका थांबली. खडू हातात तसाच. मग फळा सोडून ती मामांच्या बाकासमोर आली. "मामा, आमचे नाना टॉवेल विणतात. समजा व्यापाऱ्याला दीड हात लांबीचा टॉवेल पाहिजे. एका मागावरचे सगळे टॉवेल दीड हाताच्या आसपास, बोटभर कमी-जास्त. दुसऱ्या मागावर एक हातभर, दुसरा दोन हात. दोन्हीकडची सरासरी दीड हातच. व्यापारी काय करेल?"

मामा विचारात पडले. "दुसऱ्या मागाचा गठ्ठा तोंडावर फेकंल की."

"का? सरासरी तर बरोबर आहे!"

"सरासरीनं आंग पुसाय येतंय व्हय? टावेल येकेक वापरायचा असतोय!"

पुठ्ठा कधीच बाकावर पडला होता. अंबिका कपाळावर हात मारून म्हणाली, "घरात रोज हीच भांडणं ऐकते मी. आणि पुस्तकातली उंचीची यादी पाठ करत बसले होते!"

सोमवारी तिला माईक द्यायला मी वर्गापर्यंत गेले. माईक देऊन परत यायचं होतं. आले नाही. व्हरांड्यातल्या खिडकीशी उभी राहिले. विभागप्रमुख शेवटच्या बाकावर, हाताची घडी घालून. अंबिकानं वर बघून सुरुवात केली. टॉवेल सांगितले. वर्ग गप्प. अगदी तसाच गप्प, जसा ती रडत सांगत होती. ती फळ्याकडे वळली, पुन्हा वर्गाकडे वळली. मला वाटलं, झालं, आता भिवंडी.

मग मधल्या रांगेतून एक पोरगं उठलं. "मॅडम, पसरण मोजायचं म्हंजे फरक काढायचा ह्ये कळलं. पण त्या फरकाला त्येनंच गुणून त्येचा वर्ग कशाला करायचा? ह्ये काय न्हाय कळलं. परत सांगा की."

सरांच्या समोर, सगळ्यांच्या देखत, कळलं नाही म्हणून उभा! पण अंबिकाचा चेहरा बघितला तर तिथे भीतीच नव्हती. ती त्याच्याकडे अशी बघत होती, जणू घरी कुणी पाहुणा आलाय. "बरं झालं विचारलंस," ती म्हणाली. "बोटभर कमी आणि बोटभर जास्त, दोन्हींची बेरीज करून बघ. किती येते?"

"शून्य."

"म्हणजे माल एकदम चोख?"

वर्ग हसला. आणखी दोघांचे हात वर गेले. तिसरी एक मुलगी हात न करताच विचारायला लागली. कोण काय म्हणतंय ते मला खिडकीतून धड ऐकू येईना, इतका गलका झाला.

तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि विभागप्रमुख बाहेर आले. तास अर्धाही झाला नव्हता. मी भिंतीला चिकटले. आतला गोंधळ त्यांना आवडला नसणार, असंच मला वाटलं.

"तुम्ही केंद्रातल्या ना?" ते म्हणाले.

"हो जी."

"माझं आत काही काम दिसत नाही. कुणी मला विचारत नाही, सगळे तिलाच विचारतायत." ते दार हळूच लोटून घेत होते. "खाली कँटीन उघडं असेल का?"

मी "हो जी" म्हटलं. रीतसर त्यांच्याबरोबर जाऊन चहाचं सांगायला हवं होतं. पण आत अंबिका फळा पुसून नवीन आकडे लिहीत होती, आणि मला तिथून हलवेना.